लिव्हरमधली चरबी, काचेच्या या बाजूने

आमच्या सोसायटीत मी डॉक्टर नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी रिपोर्ट माझ्याकडेच येतात. एमआरआय चालवणारी म्हणजे निम्मी डॉक्टर, असा ठाण्याच्या वर्तकनगरात समज आहे. पूर्वी गुडघ्यांचे आणि मणक्यांचे रिपोर्ट यायचे. आता लिव्हरचे येतात, कारण हेल्थ चेकअपच्या पॅकेजात सोनोग्राफी असतेच आणि माझ्या ओळखीतल्या चाळिशीपुढच्या जवळजवळ प्रत्येकाच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ लिहिलेलं असतं. त्यातल्याच एखाद्याच्या रिपोर्टात खाली आणखी एक ओळ असते: उजव्या भागात अमुक सेंटिमीटरचा पांढरट डाग, एमआरआयचा सल्ला. मग मला मेसेज येतो. ‘‘ताई, लिव्हरवर गाठ आलीय, पण चरबीची आहे म्हणे. म्हणजे काळजी नाही ना?’’

दंडावर, पाठीवर, मानेमागे चरबीची गाठ असते ती बहुतेक वेळा खरंच निरुपद्रवी असते. कित्येकांनी ती वीस-वीस वर्षं बाळगलेली असते. तोच हिशेब लोक लिव्हरला लावतात, आणि तिथे तो लागू पडत नाही. लिव्हरमध्ये ज्या डागात चरबी सापडते तो नुसता चरबी साचलेला तुकडा असू शकतो, अ‍ॅडेनोमा (लिव्हरच्या पेशींचीच एक गाठ, जी कॅन्सर नसते) असू शकतो आणि लिव्हरचा कॅन्सरही असू शकतो. ‘चरबी आहे’ ही माहिती झाली. निदान त्याच्या पुष्कळ पुढे असतं. ते कसं काढतात हे मी काचेच्या या बाजूने, कन्सोलवर बसून रोज बघते, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. रिपोर्ट मी देत नाही, आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम देतात. पण मॅडमना स्क्रीनसमोर मोठ्याने विचार करायची सवय आहे, त्यामुळे माझं शिक्षण फुकटात होतं.

आधी सोनोग्राफीबद्दल. चरबी आवाजाच्या लहरी जोरात परतवते म्हणून पांढरी दिसते. पण पांढरं दिसणारं सगळंच चरबी नसतं. लिव्हरमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ म्हणजे हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांचं गाठोडं. त्यात चरबी नसते, तरी तोही सोनोग्राफीत पांढराच. काही वेळा दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरच्या गाठीही पांढऱ्या दिसतात. याच्या उलट प्रकारही होतो: सगळं लिव्हर चरबीने पांढरं झालेलं असतं आणि एक छोटा कोपरा निरोगी राहिलेला असतो. तो निरोगी कोपरा काळा दिसतो आणि रिपोर्टात ‘संशयास्पद गाठ’ म्हणून येतो. म्हणजे त्या माणसाच्या लिव्हरचा एकमेव धडधाकट तुकडा बघायला त्याला आमच्याकडे पाठवलेलं असतं!

सीटीत चरबीचा आकडा शून्याच्या खाली जातो, त्यामुळे चरबीचा सलग गोळा असेल तर सीटीलाही कळतो. पण चरबी पेशींच्या आत बारीक थेंबांत विखुरलेली असेल तर पाणी आणि चरबी यांची सरासरी निघते, डाग नुसता जरासा काळपट दिसतो आणि प्रश्न तिथेच राहतो. इथे एमआरआयचं काम सुरू होतं.

आता स्कॅनच्या दिवशीचं सांगते, कारण चांगलं चित्र आलं नाही तर पुढची सगळी हुशारी वाया जाते. चार तास पोट रिकामं हवं. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट हवा, कारण कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून द्यायच्या औषधाचं, इंजेक्शन द्यायचं असतं. बायकांच्या बाबतीत माझा अर्धा वेळ पिना शोधण्यात जातो. पदराला पिन, ब्लाउजला पिन, बांगड्यांत अडकवलेल्या दोन, आणि मंगळसूत्राची वाटी उलटू नये म्हणून लावलेली एक. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे काकूंना माहीत असतं आणि मंगळसूत्र काढायला नको म्हणून त्या मला ते ऐकवतातही. पण पिन स्टीलची असते. चुंबक चोवीस तास चालू असतं, रात्री सेंटर बंद झालं तरी. एक पिन सुटली तर गोळीसारखी आत जाते. आणि अंगावर घट्ट बसून आत गेली तरी तिच्याभोवतीचं चित्र वाकडं होतं आणि चरबी दाबायची जी युक्ती आम्ही वापरतो ती नेमकी तिथेच फसते. ब्रेसियरच्या हुकानेही तेच होतं, आणि तो हुक कुठल्या उंचीवर येतो बघा: बरोबर लिव्हरच्या माथ्याशी.

दुसरी गोष्ट श्वास. लिव्हर छाती आणि पोट यांमधल्या श्वासपटलाला चिकटून असतं, श्वासागणिक वर-खाली होतं. त्यामुळे एकेका सीक्वेन्सला, म्हणजे चित्रांच्या एकेका फेरीला, पंधरा-अठरा सेकंद श्वास रोखावा लागतो. मशीनमध्ये आधीपासून भरलेल्या सूचना इंग्रजीत होत्या. भिवंडीचे आजोबा, मुंब्र्याच्या खाला, कळव्याच्या काकू, कुणालाही त्या उमगायच्या नाहीत. मग मी माझ्याच आवाजात मराठी आणि हिंदी भरल्या. ‘श्वास घ्या. सोडा. आता थांबा.’ श्वास सोडून थांबवते, कारण भरलेल्या छातीपेक्षा रिकाम्या छातीला लिव्हर दर वेळी जवळपास त्याच जागी येतं. लोक सोडून थांबायला कुरकुरतात, पण दोन वेळा बाहेर बसवून सराव करून घेतला की जमतं. दम्याच्या पेशंटला नाही जमत. तिथे सीक्वेन्स छोटा करते आणि चित्राची थोडी बारकाई सोडून देते.

आता मुद्द्याची युक्ती. एमआरआयचं चित्र हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येतं. पाण्यात हायड्रोजन असतो, चरबीतही असतो. आमच्या १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकात ही केंद्रं सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख गिरक्या घेतात. पण चरबीतला हायड्रोजन पाण्यातल्यापेक्षा किंचित मागे पडतो. फरक दहा लाखांत साडेतीन, म्हणजे सेकंदाला साधारण २२० गिरक्यांचा. तलावपाळीवर दोन जण एकाच जागेवरून एकदम फिरायला निघाले आणि एक जण थोडा सावकाश चालत असेल, तर काही वेळाने ते तलावाच्या समोरासमोरच्या काठांवर असतात, आणि आणखी तेवढ्याच वेळाने पुन्हा शेजारी येतात. हे दोन हायड्रोजन १.५ टेस्लाला सुमारे २.३ मिलिसेकंदांनी समोरासमोर असतात आणि ४.६ मिलिसेकंदांनी शेजारी. शेजारी असताना फोटो काढला तर दोघांचे सिग्नल एकमेकांत मिळवले जातात, त्याला आम्ही इन-फेज म्हणतो. समोरासमोर असताना काढला तर एकातून दुसरा वजा होतो, तो आउट-ऑफ-फेज. ३ टेस्लाच्या मशीनवर हे सगळं दुप्पट वेगाने घडतं, त्यामुळे या वेळा निम्म्या होतात. एका श्वासात दोन्ही फोटो निघतात.

मग शेजारी शेजारी दोन चित्रं लावायची. इन-फेजमध्ये डाग करडा आहे आणि आउट-ऑफ-फेजमध्ये तोच डाग काळा झाला, तर तिथे पाणी आणि चरबी चित्राच्या एकाच बारीक चौकटीत एकत्र आहेत, म्हणजे पेशींमध्ये बारीक चरबी आहे. निरोगी लिव्हरमध्ये वजा करायला चरबीच जवळपास नसते, म्हणून ते दोन्हीकडे सारखं दिसतं.

इथे नवीन मुलं हमखास गोंधळतात. शुद्ध चरबीचा गोळा, म्हणजे लायपोमा, आउट-ऑफ-फेजमध्ये काळा होत नाही. वजा व्हायला पाणी हवं ना! आतला भाग जसाच्या तसा पांढरा राहतो, फक्त कडेला, जिथे अर्धी चौकट चरबीत आणि अर्धी लिव्हरमध्ये असते, तिथे बारीक काळी रेघ उमटते. शाईच्या टाकाने काढल्यासारखी, म्हणून तिचं नावच ‘इंडिया इंक’. सगळ्यात जास्त काळेपणा चरबी आणि पाण्याचा सिग्नल निम्मा-निम्मा असताना येतो. त्यामुळे ‘जास्त काळं म्हणजे जास्त चरबी’ हे अर्ध्या वाटेपर्यंतच खरं, त्यानंतर उलटं.

शुद्ध चरबी पकडायला दुसरी परीक्षा असते, फॅट सॅट. चरबीच्या नेमक्या फ्रिक्वेन्सीवर आधी एक पल्स मारून तिचा आवाज बंद करायचा आणि मग चित्र काढायचं. लायपोमा तिथे एकदम काळा पडतो. पेशींतली थोडी चरबी मात्र फॅट सॅटमध्ये फारसा फरक दाखवत नाही, कारण दहा-वीस टक्के सिग्नल गेला तर डोळ्यांना ते चटकन जाणवत नाही. म्हणून दोन्ही परीक्षा लागतात. पहिलीत काळा, दुसरीत फारसा नाही: बारीक चरबी. पहिलीत नुसती काळी कड, दुसरीत पूर्ण काळा: ठोक चरबी. दोन्हीकडे पांढराच राहिला तर ती चरबी नाहीच, जुनं रक्त वगैरे काहीतरी असेल. रक्त झालेला अ‍ॅडेनोमा असा फसवतो.

चरबी मारायचा आणखी एक मार्ग आहे, स्टिर. तो मला या कामासाठी आवडत नाही. तो चरबीला चरबी म्हणून ओळखत नाही, तिच्या टी१ वेळेवरून, म्हणजे पल्सनंतर हायड्रोजनला पूर्ववत व्हायला लागणाऱ्या वेळेवरून, ओळखतो. मग ज्याची टी१ वेळ तेवढीच, ते सगळं त्यात बुडतं: काही प्रकारचं रक्तही, आणि कॉन्ट्रास्ट घेतलेली गाठही.

या वजाबाकीची कल्पना १९८४ साली डब्ल्यू. थॉमस डिक्सन यांनी ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात मांडली. दोन फोटो काढा, बेरीज केली की नुसतं पाणी मिळेल, वजाबाकी केली की नुसती चरबी. कल्पना इतकी सोपी की वाचताना वाटतं, हे कुणालाही सुचलं असतं. आजच्या मशीनवर ‘डिक्सन’ नावाचं बटणच असतं आणि एका श्वासात चार चित्रं येतात: इन, आउट, पाणी आणि चरबी.

पण डिक्सन कधी कधी घोटाळा करतो, आणि तो कन्सोलवर बसलेल्या माणसालाच आधी दिसायला हवा. चुंबकीय क्षेत्र एखाद्या ठिकाणी वाकडं असलं, उदाहरणार्थ फुप्फुसाच्या खाली लिव्हरच्या माथ्याशी, तर कॉम्प्युटर पाण्याला चरबी आणि चरबीला पाणी समजतो. चरबीच्या चित्रात लिव्हरचा एक तुकडा लख्ख पांढरा! बघणाऱ्याचा श्वासच अडकावा. मी अशा वेळी आधी कातडीखालची चरबी बघते. तीही त्याच पट्ट्यात काळी झाली असेल तर अदलाबदल झाली आहे. आणि काहीही असो, मूळ इन आणि आउट चित्रं बघायची. ती खोटं बोलत नाहीत.

लोखंडाचा वेगळाच त्रास. थॅलेसेमियाची मुलं, ज्यांना आयुष्यभर रक्त चढवावं लागतं, त्यांच्या लिव्हरमध्ये लोह साठतं. लोह जितका वेळ मिळेल तितका सिग्नल खातं. म्हणून त्यांच्यात उशिरा घेतलेलं इन-फेज चित्र काळं आणि आधी घेतलेलं आउट-ऑफ-फेज उजळ, चरबीच्या बरोबर उलटं. हे ओळखता येतं ते केवळ आम्ही २.३ चं चित्र आधी आणि ४.६ चं नंतर घेतो म्हणून. कुणी ४.६ ला इन आणि पुढच्या ६.९ ला आउट घेतलं, तर ६.९ चं चित्र लोहामुळेही काळं होईल, आणि ते चरबीचं की लोहाचं हे सांगता येणार नाही. बाहेरून आलेल्या सीडी उघडल्या की मी पहिल्यांदा या वेळा बघते. एकदा एका ठिकाणच्या स्कॅनमध्ये आउट-ऑफ-फेज नव्हतंच. पेशंटच्या मुलाला पुन्हा पैसे भरावे लागले आणि तो आमच्यावर चिडला. त्याचं चिडणं मला पटलं, पण ज्यांच्यावर चिडायला हवं होतं ते दुसरीकडे होते.

इतकं झालं की चरबी आहे हे कळलं. पुढचं मॅडमचं काम, आणि त्या कधीही डागापासून सुरुवात करत नाहीत. पहिला प्रश्न पेशंटबद्दल: वय काय, बाई की पुरुष, गोळ्या कुठल्या, हिपॅटायटिस आहे का, दारू किती, लिव्हर एकूण कसं दिसतंय. फॉर्मवर या जागा लोक रिकाम्या सोडतात, म्हणून मी तोंडी विचारून भरते. पुरुषांना दारूचं विचारलं की बायको उत्तर देते.

कळव्याच्या एका काकूंचं उदाहरण देते. शाळेतून निवृत्त, मधुमेह, वजन भरपूर. सोनोग्राफीत लिव्हरच्या मधल्या भागात पांढरा पट्टा. आउट-ऑफ-फेजमध्ये तो काळा झाला. मॅडमनी कॉन्ट्रास्टची वाटही न बघता म्हटलं, फोकल फॅट, म्हणजे एकाच जागी साचलेली नुसती चरबी. का? कारण जागा. लिव्हरच्या डाव्या-उजव्या भागांच्या मध्ये जो अस्थिबंध असतो त्याच्या शेजारी, पित्ताशयाच्या खड्ड्याशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात त्या दाराशी, या ठरावीक जागांना आतड्यांकडून रक्त आणणाऱ्या मुख्य पोर्टल शिरेखेरीज इतर छोट्या शिरांचंही रक्त मिळतं. त्यामुळे तिथे चरबी एक तर जास्त साचते, नाहीतर नेमकी तिथेच साचत नाही. दुसरं म्हणजे आकार. तो गोळा नव्हता, नकाशावरच्या तालुक्यासारखा वेडावाकडा होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यातून एक रक्तवाहिनी सरळ, न वाकता, न दबता गेली होती. गाठ असती तर तिने वाहिनीला ढकललं असतं. कॉन्ट्रास्टनंतरही तो पट्टा आजूबाजूच्या लिव्हरसारखाच वागला. काकू बाहेर आल्यावर मी काही सांगायचं नसतं, तसं सांगितलं नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून ‘बरं आहे’ म्हटलं आणि पिना परत मागितल्या.

ऐरोलीत आयटीत काम करणारी एक मुलगी आली होती, तिची गोष्ट वेगळी. पाळीच्या तक्रारीसाठी बरीच वर्षं गर्भनिरोधक गोळ्या चालू. लिव्हर निरोगी आणि त्यात एक गोल, नीट कडांची गाठ, जी आउट-ऑफ-फेजमध्ये सगळी, एकसारखी काळी झाली. हा अ‍ॅडेनोमाचा एक ठरावीक प्रकार, ज्यात एचएनएफ१ए नावाच्या जनुकाचं काम बंद पडलेलं असतं आणि त्यामुळे पेशी चरबीने भरतात. फ्रेंच संशोधकांनी अ‍ॅडेनोमांची जनुकांवरून विभागणी केली, तेव्हापासून ‘अ‍ॅडेनोमा’ एवढंच लिहून भागत नाही. या चरबीवाल्या प्रकारात रक्तस्राव आणि कॅन्सर होण्याचा धोका कमी. दाहक प्रकार टी२ नावाच्या चित्रात (ज्यात पाणी उजळ दिसतं) लख्ख उजळतो आणि त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. बीटा-कॅटेनिनमध्ये बिघाड असलेला प्रकार कॅन्सरकडे झुकणारा. म्हणजे इथे चरबी एकसारखी मिळणं ही बऱ्यापैकी चांगली बातमी होती. युरोपच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बाईला असा अ‍ॅडेनोमा असेल तर आधी गोळ्या बंद, वजन कमी, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय आणि पाच सेंटिमीटरच्या वर असेल किंवा वाढत असेल तर ऑपरेशनचा विचार. पुरुषात मात्र आकार कितीही असो, काढण्याचाच सल्ला. जिममध्ये दंड फुगवायला स्टिरॉइडची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांना अ‍ॅडेनोमा होऊ शकतो, हे त्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं. घोडबंदर रोडवर मला दर चौकात एक जिम दिसते, तिथे तरी सांगत असतील असं वाटत नाही.

ऐरोलीच्या त्या मुलीला आम्ही नेहमीचं गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट न देता लिव्हरच्या पेशी शोषून घेतात असं कॉन्ट्रास्ट दिलं होतं. ते बरंच महाग पडतं. त्यातला जवळपास निम्मा भाग लिव्हरच्या पेशी घेऊन पित्तात सोडतात, त्यामुळे वीस मिनिटांनी सगळं लिव्हर उजळतं. तिची गाठ काळी राहिली. फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया नावाची दुसरी एक निरुपद्रवी गाठ असते, तिने कॉन्ट्रास्ट धरून ठेवलं असतं, आणि तिच्यात चरबीही क्वचितच मिळते. एक कटकट मात्र मी रोज अनुभवते. हे कॉन्ट्रास्ट शिरेत गेल्यावर काही पेशंटचा श्वास नेमका धमनीच्या फेजमध्ये, म्हणजे कॉन्ट्रास्ट धमन्यांतून लिव्हरमध्ये पोचतं त्या पहिल्या टप्प्यात, डगमगतो. ज्या चित्रासाठी सगळा खटाटोप केला तेच हलतं. आधी पेशंटला सांगून ठेवलं, ‘थोडं विचित्र वाटेल, दहा सेकंदांत जाईल’, तर थोडाफार फायदा होतो असा माझा अनुभव.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते. जुनी हिपॅटायटिस बी असलेले एक काका. लिव्हर आक्रसलेलं, कडा खडबडीत, प्लीहा मोठी, म्हणजे सिरॉसिस. त्यात दोन सेंटिमीटरची गाठ. घरच्यांना आधीच्या ठिकाणी कुणीतरी ‘चरबीची आहे’ असं सांगून निश्चिंत करून पाठवलं होतं. चरबी होतीच. आउट-ऑफ-फेजमध्ये गाठीचा एक तुकडा काळा झाला, बाकीचा नाही, ठिगळ लावल्यासारखा. धमनीच्या फेजमध्ये गाठ आजूबाजूपेक्षा उजळली, त्यानंतरच्या पोर्टल शिरेच्या फेजमध्ये तिच्यातलं कॉन्ट्रास्ट आधी धुऊन गेलं, म्हणजे वॉशआउट, आणि तिच्याभोवती कॅप्सूलची, म्हणजे वेष्टणाची, कड दिसली. लिव्हरचा कॅन्सर, एचसीसी. लहान, सुरुवातीच्या एचसीसीत चरबी मिळणं मुळीच नवलाचं नाही.

सिरॉसिस किंवा जुनी हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी अमेरिकन रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने २०११ मध्ये लाय-रॅड्स नावाची पद्धत आणली. त्यात गाठीतली चरबी ही एचसीसीच्या बाजूने झुकणारी खूण धरली आहे, पण दुय्यम. तिच्या जोरावर एखादी गाठ शेवटच्या, ‘नक्की एचसीसी’ वर्गात टाकता येत नाही. त्यासाठी धमनीत उजळणं आणि त्याच्यासोबत वॉशआउट, कॅप्सूल किंवा वाढ लागते. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. आणि तिथेच उलट खूणही आहे: सगळं लिव्हर चरबीने भरलेलं असताना एक भरीव गाठ तेवढी चरबीविना असेल, तर तीही संशयाचीच. ऐरोलीच्या मुलीची आणि या काकांची गाठ, दोन्हींत चरबी. एकीला वजन कमी करा म्हणून घरी पाठवलं, दुसऱ्यांना लगेच सर्जनकडे. फरक लिव्हरचा होता, चरबी कशी पसरली होती त्याचा होता आणि कॉन्ट्रास्टने काय केलं त्याचा होता.

क्वचित प्रकार बरेच आहेत, सगळे लिहीत नाही. एक मात्र मला विलक्षण वाटतो: पोटातल्या पडद्याद्वारे डायलिसिस करताना त्या द्रवात इन्सुलिन मिसळलं, तर लिव्हरच्या पृष्ठभागालगत, कॅप्सूलखाली चरबीचा थर बसतो. इन्सुलिन जिथे पोचतं तिथे चरबी. वाचला तेव्हा पटला नव्हता, मॅडमनी पुस्तक उघडून दाखवला.

आणि एक अँजिओमायोलिपोमा. रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची मिळून झालेली गाठ. किडनीत जास्त ओळखीची, लिव्हरमध्ये विरळ. चरबी भरपूर असेल तर फॅट सॅटमध्ये अर्धी गाठ काळी पडते आणि काम सोपं होतं. पण काहींत चरबी अगदी नावापुरती असते, आणि मग ती धमनीत उजळते, नंतर कधी वॉशआउटही दाखवते, हुबेहूब एचसीसी. अशी एक अलीकडे आली. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात हिशेब बघणाऱ्या बाई, हिपॅटायटिस नाही, दारू नाही, लिव्हर गुळगुळीत. गाठीच्या एका कोपऱ्यात दोन्ही परीक्षांत जेमतेम ठिपक्याएवढी ठोक चरबी. मॅडम दोन चित्रांवर बराच वेळ वर-खाली करत होत्या. शेवटी त्यांनी धमनीच्या फेजमध्ये गाठीतून थेट हिपॅटिक शिरेत लवकर जाणारी वाहिनी दाखवली आणि कॅप्सूल नसल्याचंही दाखवलं. रिपोर्टात अँजिओमायोलिपोमा पहिला, एचसीसी दुसरा, बायोप्सी करा, असं लिहिलं. बायोप्सीत एचएमबी-४५ चा रंग पॉझिटिव्ह आला, म्हणजे अँजिओमायोलिपोमाच. गाठ लहान, त्रास काही नाही, म्हणून सर्जननी ऑपरेशन न करता दर वर्षी एमआरआय करायचं ठरवलं. पुढच्या वेळी साधं कॉन्ट्रास्ट द्यायचं की महागातलं, यावर मॅडमचं आणि सर्जनचं अजून जमलेलं नाही. बाई मला विचारत होत्या, स्वस्तातलं चालेल का म्हणून.